फिजीचा ऊस आणि भीमाकाठचा हिशेब

पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस बऱ्याच अंतरावर, तीनशेंहून अधिक लहानमोठ्या बेटांचे मिळून जे फिजी नावाचे राष्ट्र आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे 18 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्याहून थोडेसेच अधिक, आणि लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे 2011 च्या खानेसुमारीतील सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम एक-पंचमांशाएवढी आहे. या दोन प्रदेशांत हजारो मैलांचा समुद्र पसरलेला आहे, हवामान भिन्न आहे, भाषा भिन्न आहे, तरीही दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या गावी राहणाऱ्या आणि विजापूर रस्त्याने रात्रंदिवस धावणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज ऐकत झोपी जाणाऱ्या माणसाने ज्या देशाचा आर्थिक इतिहास बारकाईने वाचावा असा एखादा देश सांगा, असे मला कोणी विचारले, तर मी ब्राझीलचे नाव घेणार नाही, क्यूबाचेही घेणार नाही, फिजीचेच घेईन. कारण सरकारने ठरविलेल्या भावाच्या आश्रयाने वाढलेल्या उसाचे पुढे काय होते, हे पाहावयाचे असेल तर त्या राष्ट्राची गेल्या पन्नास वर्षांची जमाखर्चाची वही आपल्यासमोर उघडी पडलेली आहे.

या कहाणीचा आरंभ मजुरीपासून होतो. 1874 साली फिजी इंग्रजांच्या ताब्यात गेले, 1880 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीने तेथे पाय ठेवला, आणि त्याच्या एक वर्ष आधी, 1879 मध्ये, ‘लिओनिडास’ नावाच्या जहाजातून हिंदी मजुरांची पहिली तुकडी पाच वर्षांच्या करारावर त्या किनाऱ्यावर उतरली होती. त्यानंतर 1916 पर्यंत कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून साठ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष तेथे नेण्यात आले. त्यांत बहुतेक जण संयुक्त प्रांत, बिहार आणि तमिळ-तेलुगू मुलखातील होते. मराठी माणसाचा त्या वसाहतीशी जो ठळक संबंध येतो, तो मजूर म्हणून नव्हे, तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या रूपाने येतो. 1912 च्या मार्चमध्ये ही करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव गोखल्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडला आणि सरकारी सभासदांच्या बहुमताने तो फेटाळला गेला. पद्धत अखेर बंद झाली ती गोखल्यांच्या निधनानंतर. आज आमच्याकडे बीडहून किंवा भीमेपलीकडून येणारी ऊसतोडणीची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर त्या उचलीला बांधली जाते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र असते हे खरे. परंतु हंगामाच्या अखेरीस कोयता खाली ठेवताना बाकी कोणाच्या अंगावर निघते, हे पाहिले म्हणजे गोखल्यांच्या ठरावाचे काम पूर्ण झाले असे म्हणवत नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे मला ऊस पिकविणाऱ्याविषयी लिहावयाचे आहे.

करारमुक्त झालेल्या मजुरांना कंपनीने आपल्या जमिनीचे सुमारे दहा-दहा एकरांचे तुकडे कुळाने कसावयास दिले. ऊस त्यांनी पिकवावा, कापावा आणि कंपनीच्या कारखान्यात घालावा. वजन कंपनीचे, भाव कंपनीचा, आणि दुसरा गिऱ्हाईक कोणी नाही, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत कज्जे होणे अपरिहार्य होते आणि ते झालेच. 1937 साली ‘किसान संघ’ उभा राहिला, पुढे ‘महासंघ’ आला, 1943 आणि 1960 मध्ये ऊस न तोडण्याचे लढे झाले. या झगड्याचा कळस 1969 साली झाला. कंपनी आणि शेतकरी यांच्यातील करारावर निवाडा देण्यासाठी इंग्लंडच्या अपील न्यायालयाचे प्रमुख लॉर्ड डेनिंग यांना पाचारण करण्यात आले. शेतकऱ्यांची बाजू ए. डी. पटेल या गुजराती वकिलाने मांडली आणि निवाडा ऐकण्यास ते जिवंत राहिले नाहीत. डेनिंग यांनी 1970 च्या आरंभी जो निर्णय दिला त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: साखरेच्या एकूण उत्पन्नातील शेकडा 65 हिस्सा ऊस पिकविणाऱ्याचा, 35 हिस्सा गाळणाऱ्याचा, शिवाय टनाला काही किमान रक्कम हमखास. कंपनीने हा निवाडा आपल्याला परवडण्यासारखा नाही असे जाहीर केले आणि 1973 साली सर्व कारखाने फिजी सरकारच्या गळ्यात घालून ती त्या बेटांवरून निघून गेली. पुढे 1989 मध्ये हेच प्रमाण आणखी शेतकऱ्याच्या बाजूस झुकवून मूळ वाटणी 70 आणि 30 अशी करण्यात आली.

हे आकडे वाचून आमच्याकडील कोणत्याही जाणत्या ऊस उत्पादकाचे कान टवकारतील. रंगराजन समितीने 2012 मध्ये याच प्रमाणाची शिफारस केली आणि महाराष्ट्राने 2013 साली ऊसदर विनियमनाचा स्वतंत्र कायदा करून ती स्वीकारली: साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड ही उपउत्पादने धरून येणाऱ्या महसुलाच्या शेकडा 70, अथवा नुसत्या साखरेच्या महसुलाच्या शेकडा 75, इतका हिस्सा शेतकऱ्याचा. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस दर नियंत्रण मंडळही स्थापन झाले. म्हणजे फिजीतील शेतकऱ्याने जे प्रमाण 1989 मध्ये मिळविले ते आमच्या शेतकऱ्याला कागदावर चोवीस वर्षांनी मिळाले. कागदावर असे मी जाणूनबुजून लिहितो. केंद्राने ठरविलेला उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, चौदा दिवसांत द्यावी, न दिल्यास शेकडा 15 दराने व्याज द्यावे, हा दंडक 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो पाळला जावा म्हणून दर हंगामात साखर आयुक्तांना महसुली वसुलीचे दाखले काढावे लागतात. राज्य सरकारने 2022 मध्ये तर एफआरपीचेच तुकडे करून ती दोन हप्त्यांत देण्यास परवानगी दिली होती, आणि ती परवानगी उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये रद्द ठरवीपर्यंत तीन हंगाम निघून गेले. जेथे किमान भावाची ही अवस्था, तेथे सत्तर टक्क्यांचा हिशेब मागावयास कोण जाणार?

परंतु फिजीपासून घेण्याचा मुख्य धडा वाटणीचा नाही. तो भावाचा आहे, आणि तो अधिक कटू आहे.

1973 साली ब्रिटन युरोपीय समूहात सामील झाल्यानंतर जुन्या वसाहतींच्या उसाचे काय करावयाचे हा प्रश्न निघाला, आणि 1975 मध्ये लोमे येथील करारासोबत एक साखर-संधी झाली. तिच्यान्वये युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील देशांकडून दरसाल सुमारे 13 लाख टन साखर आपल्या अंतर्गत भावाने घ्यावयाचे ठरविले. तो भाव बहुतेक काळ जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट असे. फिजीच्या वाट्याला सुमारे 1 लाख 65 हजार टनांचा कोटा आला, म्हणजे त्याच्या एकूण साखरेचा तिसरा ते निम्मा हिस्सा. लंडनच्या टेट अँड लाइल या कंपनीने साखर उचलावयाची आणि पैसे फिजीची राजधानी सुव्याला पोचते व्हावयाचे. या यादीत भारताचेही नाव होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. आपला कोटा अवघा 10 हजार टनांचा, एखाद्या मोठ्या सोलापुरी कारखान्याच्या काही आठवड्यांच्या उत्पादनाइतका. आपल्यासारख्या देशाला त्याचे काही वाटले नाही. फिजीला मात्र त्या भावावर जगावयाचे होते आणि ते त्यावर जगले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास तेथे चाळीस लाख टनांहून अधिक ऊस होत असे आणि पाच लाख टनांच्या घरात साखर. वीस हजारांहून अधिक कुटुंबे या पिकावर पोसली जात होती. मुले शिकत होती, घरांवर पक्की छपरे चढत होती.

मग झाले काय? काही गोष्टी घडल्या नाहीत. सुखाच्या त्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची यंत्रे बदलली गेली नाहीत, शेतांतील जुने खोडवे उपटून नवी लागण झाली नाही, आणि ज्या जमिनीवर ऊस उभा होता तिच्या हक्काचा प्रश्न मिटविला गेला नाही. फिजीतील बहुतांश जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. 1976 च्या कायद्याखालील खंडाच्या मुदती 1997 पासून संपू लागल्या, त्यांतील अनेक वाढविल्या गेल्या नाहीत, आणि ज्या शेतकऱ्यांच्या तीन पिढ्या एकाच बांधावर राबल्या होत्या त्यांना घरदार उचलून शहराच्या कडेला जावे लागले. 1987, 2000 आणि 2006 या वर्षांत लष्कराच्या अथवा शस्त्रधाऱ्यांच्या बळावर राज्य उलथले. शिकलेली मुले ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघून गेली. हे सगळे युरोपच्या चांगल्या भावाने झाकले जात होते. पीक रोडावत चालले तरी रक्कम येत होती, आणि येणारी रक्कम ही आपल्या शेतीची कमाई आहे, अशी समजूत करून घेणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते.

भाव पडला तो फिजीच्या काही अपराधामुळे नव्हे. 2002 साली ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया यांनी, व त्यांच्यामागून थायलंडने, जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर अनुदानांविरुद्ध तक्रार केली. वसाहतींकडून आणि भारताकडून जेवढी साखर युरोप चढ्या भावाने घेतो, तेवढीच स्वतःची साखर तो अनुदान देऊन जगात ओततो, हा त्या तक्रारीचा एक मुद्दा होता. 2005 मध्ये युरोप हरला. 2006 मध्ये त्याने आपला साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने शेकडा 36 नी उतरविण्याचे ठरविले, 2009 मध्ये साखर-संधी संपली आणि 2017 च्या सप्टेंबरअखेर अंतर्गत कोटेही गेले. दोन मोठ्या व्यापाऱ्यांचे भांडण जिनिव्हात झाले आणि त्याचा निकाल लाबासा व लाउतोका येथील दहा एकरांच्या शेतकऱ्याच्या हाती आलेल्या बिलावर उमटला. युरोपने नुकसानभरपाई म्हणून जो पैसा देऊ केला होता, तोही 2006 च्या लष्करी उठावाचे कारण दाखवून रोखण्यात आला. उठाव लष्कराने केला, शिक्षा उसाला झाली. भारताच्या एक्झिम बँकेने गिरण्यांच्या नूतनीकरणासाठी सुमारे पाच कोटी डॉलरचे कर्ज दिले, यंत्रेही इकडून गेली. पण त्यानंतरच्या हंगामांत गिरण्या वारंवार बंद पडत राहिल्या. 2010 साली तर एक टन साखर काढण्यासाठी तेरा टनांहून अधिक ऊस गाळावा लागला, म्हणजे आमच्या परिभाषेत उतारा साडेसातच्या आसपास. आज तेथील ऊस पंधरा लाख टनांच्या मागेपुढे रेंगाळतो आहे आणि शेतकरी जवळपास निम्म्यावर आले आहेत. 2018 पासून सरकार आपल्या तिजोरीतून किमान भावाची हमी देते. म्हणजे पूर्वी युरोपचा ग्राहक जो बोजा उचलीत होता, तो आता फिजीचाच करदाता उचलतो. आणि दैवाचा विनोद असा, की त्या देशाच्या मालाच्या निर्यातीत साखरेच्या पुढे जाऊन आज जी वस्तू बसली आहे ती आहे बाटलीबंद पाणी! व्हिती लेवू बेटाच्या पोटातील पाणी अमेरिकेतील भोजनगृहांत विकून फिजी डॉलर मिळविते. आणि साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या सोलापुरात आम्ही उजनी धरणाचे पाणी उसाच्या कांड्यांत भरून बाहेर पाठवितो.

आता या कहाणीतील पात्रांची नावे बदलून पाहा. युरोपच्या जागी दिल्ली ठेवा, साखर-संधीच्या जागी एफआरपी, साखरेची किमान विक्री किंमत आणि इथेनॉलचा ठरलेला दर ठेवा. सोलापूर जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. इतके राज्यातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नाहीत. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधील ही जमीन मूळची मालदांडी ज्वारीची, तुरीची, करडईची. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने आणि त्यापुढील वर्षांत खोल खोल गेलेल्या कूपनलिकांनी तिला उसाची केले. शेतकऱ्याने हे हौसेने केले असे ज्यांना वाटते त्यांनी 8 डिसेंबर 2023 या दिवसाचे स्मरण करावे. त्या दिवशी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. तो काळ सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या आवकेचा ऐन भर असतो. मंद्रूप, टाकळी, भंडारकवठे या बाजूच्या गावांतून पोत्यांनी भरलेल्या गाड्या रात्री निघतात आणि सकाळी लिलावात उभ्या राहतात. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, आणि तीही शेकडा 40 शुल्क अन् किमान निर्यातमूल्याची अट लावून. ज्याने त्या हिवाळ्यात कांदा विकला, त्याने पुढील वर्षी त्या रानात काय लावले असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. कांद्याला बाजार आहे पण भरवसा नाही; उसाला निदान एक नोंद, एक तोडणी कार्यक्रम आणि उशिराने का होईना पण एक बिल आहे. ऊस हे पाण्याचे उधळपट्टीचे पीक आहे, हे पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवरून सांगणारे सांगतात ते खरेच आहे. पण त्यांनी आधी कांद्यावर आणि तुरीवर मनास येईल तेव्हा फिरणाऱ्या सरकारी लेखणीला जाब विचारावा, आणि मग आमच्या पाटाला.

आणि ज्या भरवशावर शेतकरी उसाकडे वळतो तो तरी कितीसा पक्का आहे? त्याच डिसेंबरात, कांद्याच्या बंदीच्या एकच दिवस आधी, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने एकाएकी निर्बंध घातले. कोट्यवधींची कर्जे काढून आसवन्या उभारणारे कारखाने हवालदिल झाले. 2021–22 मध्ये देशाने 110 लाख टनांच्या आसपास साखर निर्यात केली. 2023–24 मध्ये निर्यात बंद. साखरेची किमान विक्री किंमत 2019 च्या फेब्रुवारीत किलोला 31 रुपये ठरली आणि त्यापुढील अनेक हंगामांत एफआरपी वाढत गेली तरी ती तेथेच खिळून राहिली. इथेनॉलमध्ये मक्याने उसाला मागे टाकले आहे. सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे, ज्या ब्राझीलने आणि ऑस्ट्रेलियाने 2002 मध्ये युरोपला जिनिव्हात खेचले, त्याच दोघांनी ग्वाटेमालाला सोबत घेऊन 2019 मध्ये भारताला तेथेच खेचले. आणि 14 डिसेंबर 2021 रोजी निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केले आहे, आणि अपील ऐकणारे मंडळ सभासदांअभावी बंद पडलेले असल्यामुळे ते अपील तसेच पडून आहे. फिजीच्या शेतकऱ्याचा भाव ज्या न्यायासनासमोर गेला, त्याच न्यायासनाच्या बंद दाराआड आमचा भाव सध्या सुरक्षित आहे. अशा सुरक्षिततेला किती आयुष्य असते ते मला सांगता येणार नाही. सुव्यातील राज्यकर्त्यांनाही 1995 साली सांगता आले नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच आहे, की आमची ही वर्षे फिजीच्या लोमे-वर्षांसारखी आहेत, आणि त्या वर्षांत फिजीने जे केले नाही ते आम्ही आत्ताच केले पाहिजे. मुदत किती आहे ते ठाऊक नाही म्हणून घाई अधिक केली पाहिजे.

फिजीहून आमची स्थिती एका बाबतीत निश्चित बरी आहे. तेथे गिऱ्हाईक एकच होते, आधी कंपनी आणि नंतर सरकारी महामंडळ. आमच्याकडेही, ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालावा लागे त्या झोनबंदीच्या काळात, तसेच होते; ती उठावी म्हणून शेतकरी संघटनेने केलेला लढा नव्या पिढीला ऐकूनही माहीत नाही. आज मंद्रूपच्या शेतकऱ्याचा ऊस एका कारखान्याच्या गट कार्यालयाने वेळेवर उचलला नाही, तर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. भीमा ओलांडून कर्नाटकातही जाऊ शकतो, आणि जातो. 2023 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने उसाला राज्याची सीमा ओलांडण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली तेव्हा सीमाभागात जो संताप उसळला, त्यापुढे ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. कारखान्यांना ऊस कमी पडणार म्हणून शेतकऱ्याचे दुसरे गिऱ्हाईक तोडावे, ही कल्पना ज्या मेंदूतून निघाली त्याने फिजीच्या कंपनीचा इतिहास वाचला असता, तर तिला एवढे अनुकरणीय मानले नसते. कारखाने जवळजवळ असणे हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. फिजीत पेनांग येथील गिरणी 2016 च्या फेब्रुवारीतील विन्स्टन वादळाने मोडली आणि पुन्हा उभी राहिली नाही. त्या बाजूचा ऊस आता लांबच्या गिरणीकडे लॉरीने न्यावा लागतो. आमच्याकडे 15 जून 2023 रोजी कुमठे येथील सिद्धेश्वर सहकारी कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानतळासाठी पाडली गेली, तेव्हा वादळाची गरज पडली नाही, प्रशासन पुरेसे झाले. परंतु आसपास इतर कारखाने होते म्हणून सभासदांचा ऊस फडातच वाळून गेला नाही.

दुसरी बाब वजनाची आणि हिशेबाची. हंगामात कारखान्याच्या आवारात संध्याकाळी जाऊन उभे राहावे. दोन ट्रेलर ओढीत ट्रॅक्टर काट्यावर येतो. चालकाला घाई असते, मागे गाड्यांची रांग असते, चिटबॉयच्या हातातील पावतीवर भरल्या वजनाचा आकडा पडतो, गाडी गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन परतते आणि दुसरा आकडा पडतो. ज्याचा तो ऊस, तो शेतकरी बहुधा तेथे नसतोच. तो वीस किलोमीटरवर आपल्या रानात टोळीला खुशाली किती द्यावयाची याचा विचार करीत बसलेला असतो. वर्षाच्या मेहनतीचे मोल त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर ठरते, आणि भरारी पथके हंगामातून एखादवेळी येऊन गेली तरी त्या वजाबाकीविषयीचा संशय गावोगावच्या पारांवरून हटत नाही. बाहेरच्या कोणत्याही प्रमाणित काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने विनातक्रार स्वीकारावा, हा नियम कडकपणे अमलात आणण्यास एक पैचाही खर्च नाही. त्यानंतर उताऱ्याचा प्रश्न येतो. 2024–25 च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरविली ती 10.25 उताऱ्याला टनास 3,400 रुपये आणि साडेनऊ अथवा त्याखालील उताऱ्याला 3,151. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. कोल्हापूरच्या मानाने आमचा उतारा कमीच. साखरेऐवजी रस अथवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळली की साखरेचा दिसणारा उतारा आणखी उतरतो. त्याची भरपाई धरण्याची पद्धत आहे, पण ती कशी धरली हे बिलावर शेतकऱ्याला वाचता येईल अशा रीतीने कोणी लिहीत नाही. 2013 चा कायदा मळीचा हिशेब धरतो. मळीपासून पुढे जे इथेनॉल होते त्याचा नफा मात्र कारखान्याच्या दाराआड राहतो. मळीच्या घराचा मालक आणि आसवनीच्या घराचा मालक एकच असताना मळीचा भाव कोणता लावावयाचा, हा प्रश्न डेनिंगसारख्या माणसापुढे गेला असता, तर त्याने पहिल्यांदा दोन्ही घरांच्या वह्या मागविल्या असत्या.

तिसरी बाब पाण्याची, आणि तिच्याविषयी लिहिताना मला माझ्याच गावकऱ्यांशी वाद घालावा लागतो. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. सोलापूर शहरासाठी धरणातून भीमेत पाणी सोडतात ते औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोचावे म्हणून काठावरील कृषिपंपांची वीज तोडावी लागते, आणि त्या दिवसांत नदीतून पाणी वाहताना दिसत असते पण उचलता येत नसते; त्यावेळी काठावरच्या शेतकऱ्याची जी तगमग होते ती मी पाहिली आहे. फिजीचा ऊस पावसावर येतो. आमचा ऊस दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करून येतो, आणि ती स्पर्धा शहर जिंकणार हे ठरलेले आहे. सगळे रान उसाखाली घालून ठेवणे म्हणजे ज्या दिवशी भाव आणि पाणी दोन्ही एकदम हटतील त्या दिवशी हात रिकामे राखणे होय. मालदांडी ज्वारीला बाजारात आज जो दर मिळतो तो काही दशकांपूर्वी कोणाला खरा वाटला नसता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या डाळिंबाला आहे. भीमाकाठची काळी माती ज्वारी विसरलेली नाही. रानाचा एक हिस्सा तरी ज्वारीकडे, तुरीकडे, कांद्याकडे ठेवावा, असे मी म्हणतो तेव्हा त्यासोबत सरकारकडूनही एक वचन मागतो: हंगामाच्या मध्यात निर्यातबंदी नको. लावणीच्या वेळी जो नियम असेल तोच काढणीपर्यंत राहिला पाहिजे. हे वचन देण्यास सरकार तयार नसेल, तर ऊस कमी करा असा उपदेश त्याने आम्हाला करू नये.

फिजीच्या तिजोरीला आज पर्यटक आणि परदेशी गेलेल्या मुलांनी पाठविलेले पैसे तारून नेत आहेत. सोलापूरचीही मुले पुण्याला जातात आणि पैसे पाठवितात. पण पैसा तिकडून येतो तसाच तिकडे राहूही लागतो, आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव तेवढे उरते. तेव्हा जे करावयाचे ते येथेच, याच कारखान्यांच्या आवारात आणि याच बांधांवर करावयाचे आहे. पुढील गळीत हंगामात गव्हाणीत पहिली मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याने गेल्या हंगामाचा सत्तर-तीसचा हिशेब, साखर किती, कोणत्या भावाने विकली, मळी किती, ती आसवनीला कोणत्या दराने दिली, इथेनॉलचे किती आले, अशा साध्या मराठीत, आपल्या गट कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. आणि ज्या कारखान्याने तो लावला नाही त्याचा गाळप परवाना साखर आयुक्तांनी तोवर रोखून धरावा.